बुधवारपर्यंत पुरणारा रस्सा

भोसरी-पिंपरी-चाकण पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून ठरलेला हा वार मटण खाणाऱ्या घरांची मात्र पंचाईत करतो. गुरुवार दत्ताचा, स्वामींचा, साईबाबांचा. दिवसभर मोकळा वेळ, आणि चुलीवर वरण-भात. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा किंवा देवीचा, शनिवार मारुतीचा. उरले रविवार, बुधवार आणि ज्यांच्याकडे चालतो त्यांच्याकडे शुक्रवार. त्यात देहू-आळंदी शेजारीच, म्हणजे घरात नाहीतर भावकीत कुणीतरी माळकरी असायचंच. मग मटणाचं पातेलं वेगळं, पळी वेगळी. विलायतेत रविवारचं उरलेलं मांस सोमवारी थंडच खायची जुनी रीत आहे. आपल्याकडे सोमवारी ते फ्रीजमध्ये असलं तरी दिसता कामा नये. स्वस्तातलं मटण दोन-तीन जेवणांना पुरवायचं तर पैशांबरोबर वारांचाही हिशेब जमवावा लागतो.

आधी स्वस्त म्हणजे काय ते पाहू. परदेशी बाजारात मांडी वेगळी, मान वेगळी, बरगडी वेगळी आणि प्रत्येकीचा भाव वेगळा. आपल्या दुकानात मटणाला सहसा एकच भाव. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर ‘चाप टाका, नळी टाका, चरबी कमी’ एवढं बोलता येतं, पण तराजूत सगळं एकत्रच पडतं. याचं मूळ गावाकडच्या वाट्यांत असावं. चार-सहा घरांनी मिळून बोकड घ्यायचा आणि असे वाटे घालायचे की प्रत्येकात थोडी कलेजी, थोडी चरबी, हाडं, मऊ तुकडे सगळंच यावं. कुणाच्या वाट्याला नुसती मांडी नाही आणि नुसती मानही नाही. भाव उतरतो तो या तराजूबाहेरच्या मालाचा: मुंडी, पाय, वजडी, फुफ्फुस. बोल्हाईच्या मटणाची, म्हणजे मेंढीच्या मटणाची दुकानंही या भागात बरीच आहेत. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारी घरं बोकडाचं खात नाहीत. तिथेही भावाचा हाच प्रकार.

जगभर कारखानदारी आणि हा माल हातात हात घालून आलेले दिसतात. रोमच्या तेस्ताच्चो भागात १९व्या शतकाच्या अखेरीस मोठा कत्तलखाना उभा राहिला, तिथल्या कामगारांना मजुरीचा काही भाग आतडी, शेपटी, पोट अशा रूपात मिळे. आज त्याच पदार्थांसाठी पर्यटक रांगा लावतात. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या धाब्यांच्या पाट्यांवर ‘वजडी फ्राय’ झळकू लागली, त्यामागे वेगळं काही नाही.

आता पातेल्याकडे वळू. पाच माणसांचं घर, अर्धा किलो मटण आणि एक मुंडी. मुंडी दुकानातूनच भाजून, तोडून आणायची. भेजा बाजूला काढायचा, तो अंड्याबरोबर परतून न्याहारीला होतो. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा, हळद, मीठ, आलं-लसूण आणि त्यावर मटण-मुंडी. त्यांना स्वतःचं पाणी सुटतं. वर खोल ताट, ताटात पाणी. ताटातलं पाणी तापलं की आत ओतायचं आणि ताट पुन्हा भरायचं. यामुळे उकळी मोडत नाही आणि वाफ ताटाला लागून परत आत ठिबकते. तास-दीड तासाने जे तयार होतं ते अळणी. मीठ घातलेलं असूनही त्याला अळणी का म्हणतात ते विचारू नका. वाटीभर पोरांना, वाटीभर म्हाताऱ्यांना, भातावर कालवून.

इथून पुढे घर पुरवायचं काम मांस करत नाही, रस्सा करतो. जास्त चालणाऱ्या, भार वाहणाऱ्या अवयवांत, म्हणजे मान, नळ्या, खूर, जबडा यांत कोलॅजेन भरपूर असतं. म्हणून ते चिवट. सत्तर अंशांच्या पुढे बराच वेळ शिजवलं की कोलॅजेनचं जिलेटिन होतं आणि पाण्यात उतरतं. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे पायांसाठी तो बरा. शिट्ट्या झाल्यावर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवायचा. झालं की नाही याची खूण फ्रीजमध्ये दिसते: रस्सा खरवसासारखा थरथरतो. मऊ मांडीचा रस्सा असा जमत नाही. पायाच्या सूपने मोडलेलं हाड सांधतं ही समजूत मात्र पुसावी लागेल. हाडातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही.

अळणीचे दोन भाग करायचे. एकात भाजलेला कांदा, सुकं खोबरं, कांदा-लसूण मसाला. रस्सा पातळ वाटला तर येसूर, म्हणजे धान्य-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. चमचा-दोन चमच्यांत रश्श्याला अंग येतं आणि भाकरी कुस्करायला जागा होते. निम्मे तुकडे सुकं करून रविवार दुपारी, रस्सा रात्री भाताबरोबर. दुसरा भाग बिनमसाल्याचा डब्यात घालून फ्रीजरमध्ये. मसाला घातलेला रस्सा पुन्हा पुन्हा गरम केला की खोबरं खवट लागतं. अळणी तसं करत नाही. बुधवारी त्याच अळणीत उकडलेली अंडी आणि बटाटे, नाहीतर हरभऱ्याची डाळ आणि दुधी. हा शेवटचा प्रकार म्हणजे मराठवाड्यातल्या दालच्याचा भाऊबंद. लातूर, बीड, धाराशिवकडून इथे कामाला आलेल्यांना तो सांगावा लागत नाही.

मराठवाड्याचं नाव निघालं की शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकाचं नाव घ्यायलाच हवं. ज्यांना मांस निवडायची सोयच नव्हती त्यांच्या स्वयंपाकाची ती नोंद आहे. रक्ती, वजडी आणि मांसाच्या पट्ट्या मीठ लावून उन्हात वाळवलेल्या चान्या. चान्या महिनोन्महिने टिकतात, निखाऱ्यावर भाजून खातात किंवा कालवणात घालतात. फ्रीज नसलेल्या घराचा तो फ्रीजर. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्यात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि ‘मोठ्याचं’ खाणाऱ्या अनेक घरांचं सर्वांत परवडणारं मटण गेलं. म्हशीचं कायद्याने चालतं, पण पूर्वीची सोय राहिली नाही. स्वस्त मटणावर लिहिताना हे वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे या चाकणच्या गावांतल्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांचा हिशेब आणखी वेगळा. पाच किलोचा सिलिंडर, एक शेगडी आणि आळीपाळीच्या शिफ्ट. पाया शिजवायला गॅस परवडत नाही. म्हणून पोटा-कलेजी. मटणाचा भाव ब्रॉयलरच्या तिपटीच्या आसपास, आणि पोटा-कलेजी त्या ब्रॉयलरहूनही स्वस्त. पोटा आधी कुकरला लावायचा आणि कलेजी शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर ती भुसभुशीत होते. बोनलेस काढून उरलेला कोंबडीचा सांगाडा दुकानदार थोडक्यात देतो. त्याच्या पाण्यात भात शिजवला की दोन शिफ्टची सोय होते. रात्रपाळीचा डबा मात्र बेताने भरावा. शिजलेलं मांस दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, आणि इथल्या मे महिन्यात तेवढंही जास्तच. मोठं पातेलं तसंच फ्रीजमध्ये ढकलू नये, पसरट डब्यांत वाटून ठेवावं, आणि लागेल तेवढंच काढून खळखळून उकळावं.

पुरवण्याच्या या कौतुकात एक गोष्ट सोयीस्करपणे झाकली जाते. नळी कर्त्या पुरुषाला, कलेजी पोरांना, मऊ तुकडा पाहुण्याला. पातेलं खरवडताना जिच्या ताटात नुसता रस्सा येतो, पुरवलेलं असतं तिनेच. लोहाची गरज बहुतेक घरांत तिलाच जास्त असते, आणि ते कलेजीत असतं, रश्श्यात नाही. पाव किलो कलेजी आणली तर पहिला वाटा तिचा काढावा. फक्त गरोदरपणी कलेजी जपून खावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

आखाडात हे सगळे हिशेब बाजूला पडतात. दुकानापुढे सकाळी सहापासून रांगा, आणि कुणी ‘मुंडी द्या’ म्हणत नाही. दीप अमावास्येपर्यंत फ्रीजरमधले अळणीचे डबे मात्र संपवावे लागतात, कारण दुसऱ्या दिवसापासून श्रावण.