बुशाती, आंग्रे आणि लंडनमधला सुवर्णदुर्ग

उत्तर अल्बानियातल्या श्कोदर इथे १७५७ मध्ये मेहमेद पाशा बुशाती सत्तेवर आला. पुढची पाऊणशे वर्षं तो मुलूख त्याच्या घराण्याकडे राहिला. अंमल नावाला इस्तंबूलच्या सुलतानाचा. वसूल आणि फौज बुशातींची. मेहमेदाच्या मुलाने, कारा महमूदने, १७८७ मध्ये सुलतानी वेढा परतवून लावला. १७९६ मध्ये माँटेनेग्रोवरच्या स्वारीत तो पडला. मधली वारसांची वर्षं सोडतो. १८३१ मध्ये त्याच घराण्यातला मुस्तफा पाशा सुलतानाला शरण गेला आणि सगळं आटोपलं.

मराठ्यांचं आरमार सांभाळणाऱ्या आंग्र्यांचं सरदारपणही याच जातीचं, हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना छत्रपती शाहूंच्या पक्षात आणलं, पण किल्ले आणि आरमार त्यांच्याच हाती राहिलं. त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घेतल्याशिवाय कोकणच्या किनाऱ्याने गलबत नेणं जोखमीचं होतं. मुंबईकर इंग्रजांना ते मानवेना. विजयदुर्गावर चढाई झाली, खांदेरीवर झाली. १७२१ मध्ये पोर्तुगीजांना बरोबर घेऊन ते कुलाब्यावर आले आणि तिथूनही रिकाम्या हाताने परतले. अशा माणसाला समुद्री लुटारू म्हणणारी पुस्तकं इथे लंडनच्या ग्रंथालयांत आजही आहेत, याचा मला संताप येतो.

त्याहून जास्त राग आपल्याच काही अभ्यासकांचा येतो. कान्होजींचा मुलगा तुळाजी बंडखोर होता, एवढं म्हणून ते नानासाहेब पेशव्यांना मोकळं सोडतात. तुळाजी उद्दाम होता, मान्य. पण सुलतानाने बुशातींना मोडलं ते स्वतःच्या फौजेने. पेशव्यांनी घरचं भांडण मिटवायला इंग्रजांचं आरमार बोलावलं. १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराच्या विल्यम जेम्सने तुळाजीचा सुवर्णदुर्ग घेतला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि तुळाजीचं आरमार बंदरातच जळालं. किल्ला पेशव्यांच्या ताब्यात यायला पुढे कित्येक महिने गेले, आणि बाणकोट इंग्रजांकडे गेलं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत मेला. पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी १७८३ मध्ये इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं, त्याचा मला अभिमानच आहे. पण त्या एका विजयाने १७५६ चं नुकसान भरून निघत नाही. आंग्र्यांची कुलाब्याची शाखा तेवढी टिकली. तीही वारस नाही म्हणून १८४० मध्ये कंपनीने खालसा केली.

जेम्स मात्र श्रीमंत होऊन मायदेशी आला, कंपनीचा अध्यक्ष झाला. १७८३ मध्ये तो वारल्यावर त्याच्या पत्नीने आग्नेय लंडनमध्ये, शूटर्स हिलच्या रानात, त्याच्या स्मरणार्थ तीन कोनांचा उंच बुरूज बांधला आणि त्याला सुवर्णदुर्गाचंच नाव दिलं. रिचर्ड जपने आराखडा केलेला हा बुरूज दुरुस्त होऊन २०१४ मध्ये लोकांसाठी उघडला. वाघनखं २०२४ मध्ये भारतात जाईपर्यंत ती पाहायला आपली माणसं इथल्या म्युझियममध्ये आवर्जून जात, पण या टेकडीकडे फिरकत नाहीत. पूर्वी आमच्या इथल्या मराठी मंडळात मराठा आरमारावर व्याख्यान असलं की वाद रात्रीपर्यंत चालत. आता त्या विषयाला वक्ता मिळत नाही.

लंडनला याल तेव्हा एक दुपार शूटर्स हिलसाठी काढा. मुलांना बरोबर न्या आणि हरलेल्या बाजूचं नाव तुळाजी आंग्रे होतं, हे त्यांना तिथेच सांगा.