परकी भांडवल आणि वऱ्हाडचा कापूस

परकी भांडवल देशात यावे की न यावे, हा वाद आता मागे पडला आहे. ते कोणत्या अटींवर यावे आणि येऊन कोठे मुरावे, हाच खरा प्रश्न उरला आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात आलेल्या परकी भागभांडवलापैकी सुमारे ३९ टक्के एकट्या महाराष्ट्राच्या वाट्यास आले. हा आकडा अभिमानास्पद खराच. परंतु आपल्या अंगणात त्यातले किती शिंतोडे पडले, असे अमरावती-अकोल्याच्या नागरिकाने विचारले, तर त्यास कोणी दोष देऊ नये.

वऱ्हाडास परकी भांडवल नवे नाही. जी. आय. पी. रेल्वे कंपनीस १८४९ च्या करारान्वये पाच टक्के परताव्याची सरकारी हमी मिळाली होती. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरावयाची! त्याच लोहमार्गाने वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरास आणि तेथून विलायतेस गेला. खामगावच्या बाजारात व्होल्कार्ट ब्रदर्ससारख्या युरोपीय पेढ्या आल्या. सरकी काढणे आणि गाठी बांधणे एवढेच काम येथे राहिले. सूत आणि कापड यांचा नफा परमुलखात गेला.

दुसरे उदाहरण मूर्तिजापूरहून अचलपूर व यवतमाळकडे जाणाऱ्या 'शकुंतले'चे. किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने उभारलेल्या कंपनीचा हा अरुंद लोहमार्ग. स्वातंत्र्यानंतरही मालकी एकाची आणि वहिवाट दुसऱ्याची राहिली. रूळ जीर्ण झाले आणि अखेर गाडी थांबली. पहिल्या उदाहरणात भांडवलास सर्व हमी होती, पण कर्तव्य नव्हते. दुसऱ्यात कराराचे घोंगडे इतकी वर्षे भिजत पडले की, मूळ हेतूच नष्ट झाला.

यावरून शासनाने काय बोध घ्यावा? पहिली गोष्ट धोरणाच्या स्थैर्याची. २०१२ साली पूर्वलक्षी कराची तरतूद झाली आणि २०२१ मध्ये ती मागे घ्यावी लागली. मधल्या नऊ वर्षांत देशाच्या पतीस जो धक्का बसला, तो सवलतींच्या जाहिरातींनी भरून निघत नाही. कापसाचेही तेच. २०२१ मध्ये आयातीवर शुल्क बसले, ते ऑगस्ट २०२५ मध्ये वर्षअखेरपर्यंत उठविण्यात आले. गिरणीस स्वस्त कापूस हवा, शेतकऱ्यास रास्त भाव हवा. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. परंतु पेरणी झाल्यावर आणि वेचणी तोंडावर आली असता नियम बदलणे, हा दोघांपैकी एकावर अन्यायच होय. शुल्काचा निर्णय पेरणीपूर्वी व्हावा आणि तो हंगामभर टिकावा.

दुसरी गोष्ट जमीन आणि पाणी यांची. अप्पर वर्धा धरणाचे पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पास देण्यावरून उठलेले वादळ अमरावतीकर विसरलेले नाहीत. शेतीचे पाणी किती, उद्योगाचे किती, हे कारखान्याच्या कोनशिलेपूर्वी जाहीर झाले पाहिजे. लोकांचा रोष ओढवून घेतलेला कारखाना कोणत्याही गुंतवणूकदारास सुखाचा वाटत नाही.

तिसरी गोष्ट दळणवळणाची. बेलोऱ्याचा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. अकोल्याच्या शिवणी येथील धावपट्टीचा विस्तार मात्र वर्षानुवर्षे रेंगाळला, आणि समृद्धी महामार्गही अकोला जिल्ह्यास वगळून गेला. एका जिल्ह्यास दार आणि शेजाऱ्यास भिंत, अशाने प्रांत वाढत नाही.

नांदगाव पेठेच्या 'पीएम मित्र' वस्त्रोद्यानाची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली आहे. सुमारे एक हजार एकरांचे हे उद्यान म्हणजे वऱ्हाडची दुसरी संधी होय. तेथे येणाऱ्या परकी उद्योजकास न्याय्य नफा, निश्चित कर आणि तंट्याचा त्वरित निवाडा अवश्य मिळावा. त्याबदल्यात सूतकताई, विणकाम, रंगाई आणि शिलाई येथेच व्हावी, स्थानिक तरुण-तरुणींस त्याचे शिक्षण मिळावे, अशी अट करारातच घालावी. एकदा वऱ्हाडातून गाठी गेल्या आणि कापड परत आले. तोच धडा पुन्हा गिरविण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.