सतरा नंबरचा निळा

फिलाडेल्फियाच्या जुन्या वस्त्यांत घरं एकमेकांना खेटून, एका रांगेत उभी असतात. मधलंच एखादं घर मोडकळीला येतं, पाडलं जातं आणि शेजारच्या घराची कधीच ऊन न पाहिलेली बाजू उघडी पडते. त्या विटांवर गेलेल्या घराच्या जिन्याची तिरकी खूण राहते, धुराड्याचा काळा पट्टा राहतो. या शहरात आजवर चार हजारांहून अधिक भित्तिचित्रं झाली. त्यामागे लोकांची हौस आहे, तशाच या अनाथ भिंतीही आहेत. 1984 मध्ये भिंती विद्रूप करणाऱ्या पोरांना आवर घालायला शहरानं एक योजना काढली. तिच्यात कामाला आलेल्या चित्रकार जेन गोल्डन यांनी त्याच पोरांना हाताशी धरून चित्रं रंगवायला घेतली. आजची ‘म्युरल आर्ट्स’ ही संस्था त्यातूनच उभी राहिली.

चित्र मात्र बरंचसं भिंतीपासून लांब, टेबलांवर होतं. मी गेले तेव्हा एका सभागृहात लांबलचक टेबलं मांडली होती आणि त्यांवर पाच फूट लांब-रुंद कापडाचे चौकोन पसरले होते. याला सगळे ‘पॅराशूट क्लॉथ’ म्हणतात. हात लावला तर शिवणकामात कॉलरला घालतात त्या कॅनव्हाससारखं लागतं: पातळ, पण न चुरगळणारं. चित्रकारानं मूळ चित्राचे चौकोन पाडून ते या कापडांवर मोठे करून उतरवलेले. रेषांनी आखलेली छोटीमोठी बेटं, प्रत्येक बेटात एक आकडा. झाकणाच्या डब्यांवर तेच आकडे. मला सतरा नंबर मिळाला, एक मळकट निळा. तो कपाळाचा आहे की आभाळाचा, हे अख्खी दुपार रंगवूनही मला कळलं नाही. शेजारच्या आजीबाईंना त्याचं काहीच नव्हतं. त्या नातवाला दटावत होत्या, “रेषेच्या बाहेर गेलास तर माणसाचं नाक वाकडं होईल.” नातू मुद्दाम बाहेर जात होता. एक कार्यकर्ती मागून येऊन गुपचूप कडा सारख्या करत होती.

चित्र काढता न येणाऱ्यांनाही चित्रात घ्यायचं, तर ही युक्ती फार उपयोगाची. परांचीवर चढायला सगळ्यांना जमत नाही. टेबलाशी बसायला जमतं. थंडीत भिंतीवर काम होत नाही, तेव्हा हे चालू राहतं. ग्रेटरफर्डच्या तुरुंगातल्या कैद्यांनीही वर्षानुवर्षं असे चौकोन रंगवले. गजांआड रंगवलेलं कापड बाहेरच्या भिंतींवर जाऊन चिकटलं. ही कापडाची रीत इथं रुजायला कारण झालं ते 1990 मधलं रिज अ‍ॅव्हेन्यूवरचं तीन मजली चित्र. केंट ट्विचेल यांनी त्यात बास्केटबॉलपटू ज्युलियस अर्व्हिंग यांना खेळाच्या कपड्यांत न दाखवता सुटाबुटात उभं केलं.

चिकटवणं हे निराळंच काम, आणि ते जाणत्यांकडेच असतं. भिंत आधी धुवायची, पापुद्रे खरवडायचे, भेगा बुजवून अस्तराचा रंग द्यायचा. मग अ‍ॅक्रिलिकचा पांढरा, दाट जेल भिंतीला आणि कापडाला फासून चौकोन जागेवर बसवायचा आणि मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढायची. एखादा फुगा राहिला तर पावसाळी ओल तिथूनच शिरते. जोड रंगानं बुजवायचे आणि शेवटी उन्हापासून वाचवणारा पारदर्शक थर. रस्त्यावरून जोड दिसत नाहीत. मी शोधायचा प्रयत्न केला.

एवढं करून चित्राचं आयुष्य ठरवतो तो भिंतीचा मालक, किंवा शेजारच्या रिकाम्या जागेचा. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांनी 1952 मध्ये स्ट्रॉबेरी मॅन्शन भागात, 33व्या रस्त्यावर घर घेतलं होतं. हेरॉइनचं व्यसन त्यांनी तिथंच सोडलं. त्याच भागात 2002 मध्ये त्यांचं चित्र झालं. 2014 मध्ये ते ज्या भिंतीवर होतं ती इमारतच पाडली गेली. ओसाड वस्ती पुन्हा बांधली जाऊ लागली की पहिला घाव चित्रांवर पडतो, कारण ती मुळात ओसाडीमुळेच तिथं असतात. म्हणून बांधकामाला नावं ठेवणं मला जमत नाही. वस्तीला घरं हवीच असतात. पण रहिवाशांनी जमून रंगवलेली भिंत कागदोपत्री त्यांची कधीच नसते, हे खटकतं.

कोल्ट्रेन यांना 2017 मध्ये डायमंड स्ट्रीटवर दुसरी भिंत मिळाली, एर्नेल मार्टिनेझ यांच्या हातची. कोल्ट्रेन यांचं घर 1999 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू आहे; ते मात्र डागडुजीसाठी वर्षानुवर्षं ताटकळत राहिलं. घराला सतरा नंबरचा डबा पुरत नाही; छप्पर लागतं, आणि त्याला पैसे.