काळ्या पडद्यावर (भाग ६) : टर्मिनलला रंग कोण देतो?

टर्मिनलच्या खिडकीत जे दिसते त्याचे धनी तीन असतात. पहिला म्हणजे खिडकी काढणारा प्रोग्राम, टर्मिनल एम्युलेटर. जीनोम टर्मिनल, कन्सोल, आयटर्म२, विंडोज टर्मिनल ही त्याची उदाहरणे. पार्श्वभूमी, फॉन्ट आणि कर्सरचा आकार त्याच्या ताब्यात असतो. दुसरा धनी शेल, म्हणजे बॅश किंवा झेड शेल. आज्ञा लिहायच्या ओळीच्या सुरुवातीचा प्रॉम्प्ट तो छापतो. तिसरा धनी त्या क्षणी चालू असलेला प्रोग्राम. गिट हिरव्या-तांबड्या ओळी दाखवते, एलएस फोल्डरांची नावे निळी करते. रूप बदलताना होणारा बराचसा मनस्ताप एकाचे काम दुसऱ्याच्या सेटिंगमध्ये शोधल्याने होतो.

एम्युलेटर म्हणजे नक्कल करणारा. ज्या यंत्रांची ही नक्कल आहे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध व्हीटी१००. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ते १९७८ मध्ये बाजारात आणले. त्याचा पडदा गणिताच्या चौकटीच्या वहीसारखा होता : ८० उभे रकाने, २४ आडव्या ओळी आणि एका घरात एकच अक्षर. संगणकाकडून येणाऱ्या तारेतून फक्त अक्षरे येत. त्यामुळे ठळक करा, अधोरेखित करा, अशा सूचनाही अक्षरांतूनच पाठवाव्या लागत. त्यासाठी २७ क्रमांकाचे एस्केप हे न दिसणारे अक्षर, त्यामागे चौकटी कंस, मग एखादा आकडा आणि शेवटी रोमन एम अशी रचना वापरात आली. आकडा १ असेल तर ठळक, ४ असेल तर अधोरेखित, ७ असेल तर उलटे रंग, ० असेल तर सारे पूर्ववत. व्हीटी१०० स्वतः एकरंगीच होते. पण याच रचनेत ३० ते ३७ हे आकडे अक्षरांच्या आठ रंगांना आणि ४० ते ४७ हे पार्श्वभूमीला मिळाले. त्याच आठ रंगांच्या उजळ छटांसाठी पुढे ९० ते ९७ आले. आजचा प्रत्येक टर्मिनल हीच भाषा बोलतो.

मात्र ३१ चा अर्थ ‘लाल’ एवढाच आहे. कोणता लाल, हे त्यात सांगितलेले नाही. रंगाच्या दुकानात नुसते ‘लाल द्या’ म्हटले तर डबा दुकानदारच निवडतो, तसा इथे एम्युलेटर आपल्या तक्त्यातून छटा निवडतो. या तक्त्यात सोळा रंग, शिवाय पार्श्वभूमी, साधी अक्षरे व कर्सर यांचे रंग असतात. थीम म्हणजे हा तक्ता, दुसरे काही नाही. म्हणूनच थीम बदलताच गिट, एलएस, विम संपादक या सगळ्यांचे रूप एका फटक्यात पालटते.

तक्ता नीट निवडला नाही की काळ्यावर गडद निळे असा प्रकार होतो. विंडोजच्या कन्सोलमधला जुना निळा आधुनिक पडद्यांवर वाचता येईना, तेव्हा मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये कॅम्पबेल नावाचा नवा तक्ता आणला. ईथन स्कूनोव्हर यांचा २०११ चा सोलराइज्ड हा तक्ता याहून विचारपूर्वक बांधलेला आहे. त्यात आठ छटा करड्या घराण्यातल्या आणि आठ उठावाच्या. फिकट आणि गडद अशा दोन्ही रूपांत अक्षरे व पार्श्वभूमी यांतला उजेडाचा फरक सारखा राहील, अशी त्यांची मापे ठरवलेली. पण करड्या छटांना जागा हवी म्हणून त्या उजळ रंगांच्या घरांत बसवल्या गेल्या. परिणामी एखाद्या प्रोग्रामने उजळ हिरवा मागितला तर मिळतो करडा. त्याहून वाईट म्हणजे गडद रूपात ‘उजळ काळा’ आणि पार्श्वभूमी हे एकच रंग आहेत, त्यामुळे त्या रंगातली सूचना पडद्यावर असूनही दिसत नाही. देखणी थीम घेताना हे आधी तपासलेले बरे.

सोळा रंग अपुरे वाटू लागल्यावर २५६ रंगांची सोय झाली : जुने १६, लाल-हिरवा-निळा यांच्या प्रत्येकी सहा पायऱ्यांचे २१६ आणि करड्याच्या २४ छटा. नंतर एक कोटी ६७ लाखांहून अधिक छटांचा ‘ट्रू कलर’ आला. यात प्रोग्राम नेमकी छटाच सांगतो आणि एम्युलेटरचा तक्ता बाजूला पडतो. काळ्या पार्श्वभूमीसाठी निवडलेला फिका पिवळा पांढऱ्या खिडकीत विरून जातो आणि थीम बदलून तो सुधारत नाही. रंग वाढले तसा वापरणाऱ्याचा ताबा कमी झाला, असे म्हणायला हरकत नाही.

प्रॉम्प्ट बॅशमध्ये पीएस१ या व्हेरिएबलमधून ठरतो. बॅकस्लॅशपुढे यू लिहिले की वापरणाऱ्याचे नाव, एच लिहिले की यंत्राचे नाव, डब्ल्यू लिहिले की चालू फोल्डर. झेड शेल याच कामासाठी टक्केचिन्ह वापरतो. २०१९ पासून मॅकवर तोच मूळ शेल असल्याने बॅशची उसनी ओळ तिथे चालत नाही. रंगाचे एस्केप घालताना एक खबरदारी लागते. ओळ कुठे मोडायची हे शेल प्रॉम्प्टची लांबी मोजून ठरवतो, आणि न दिसणारी अक्षरेही त्याच्या हिशेबात धरली जातात. ती बॅशमध्ये बॅकस्लॅश लावलेल्या चौकटी कंसांत झाकली नाहीत, तर लांब आज्ञा पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढते. हा दोष लहान आज्ञांत दिसत नाही, म्हणून कारण सापडायला वेळ लागतो.

प्रॉम्प्टमध्ये गिटची शाखा दाखवणे सोयीचे असते; पण त्यासाठी प्रत्येक एंटरनंतर गिटला विचारावे लागते आणि मोठ्या प्रकल्पात प्रॉम्प्ट अडखळतो. घड्याळ, बॅटरी, हवामान हे तर निव्वळ हौसेचे. खरा उपयोग होतो तो प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवरचा प्रॉम्प्ट लाल ठेवण्याचा. चुकीच्या खिडकीत फाइल पुसण्याआधी हात थबकतो. हे बदल बिंदूने सुरू होणाऱ्या बॅशआरसी या फाइलीत करतात. ते करताना जुनी खिडकी बंद करू नये. फाइल बिघडली तर दुरुस्तीसाठी तीच उपयोगी पडते.

फॉन्ट समान रुंदीचा हवा, हे उघड आहे. शून्य आणि ओ, एक आणि लहान एल त्यात वेगळे ओळखू यावेत. फिरा कोडसारखे फॉन्ट उद्गारचिन्ह व बरोबरचिन्ह जोडून एकच ‘असमान’ चिन्ह दाखवतात. फाइलीत मात्र दोन अक्षरेच असतात. नवशिक्याने ही सोय बंद ठेवावी. प्रॉम्प्टमधले बाण आणि शाखेची चित्रे युनिकोडच्या खाजगी वापराच्या जागेत ठेवलेली असतात आणि ती नर्ड फॉन्ट्ससारख्या खास फॉन्टांतच मिळतात. दूरच्या सर्व्हरवर चित्रांऐवजी रिकामे चौकोन दिसले, की अनेक जण फॉन्ट सर्व्हरवर बसवतात. तो समोरच्या यंत्रावर लागतो, कारण अक्षरे काढण्याचे काम पहिल्या धन्याचे.

चौकटीच्या वहीची खरी कसोटी देवनागरीत लागते. ‘स्त्री’ हा डोळ्याला एक आकार, युनिकोडमध्ये सहा चिन्हे. त्यांना किती घरे द्यायची याचा हिशेब शेल एका रीतीने करतो, एम्युलेटर दुसऱ्या. मग कर्सर भलतीकडे उभा राहतो. ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर साठवला जातो पण त्याच्या आधी दिसायला हवा. घराघराने अक्षर काढणारा एम्युलेटर तो उजवीकडेच ठेवतो. मराठी नावाच्या फाइलींची यादी अशी विस्कटते, तेव्हा नुसता फॉन्ट बदलून भागत नाही. जोडाक्षरे जुळवण्याचे काम एम्युलेटरलाच यावे लागते. एमएलटर्म हा बहुभाषिक एम्युलेटर त्याच हेतूने बनवला गेला. इतरांत ही सोय कमी-अधिक असते. ती नसेल तिथे फाइलींची नावे रोमन लिपीत आणि मराठी मजकूर वेगळ्या संपादकात ठेवावा लागतो.