खळ्यावरचं माप आणि सल्ल्याची फी

खामगाव, मलकापूर, नांदुरा या कापूसपट्ट्यातल्या जिनिंगवाल्याची नजर हंगामभर एकाच आकड्यावर असते, रुईच्या उताऱ्यावर. क्विंटलभर कापसातून ३४ किलो रुई निघाली की ३५? फरक किलोचा, पण हजार क्विंटलांवर तो दहा क्विंटल होतो. १७० किलोच्या जवळजवळ सहा गाठी. समजा, बाहेरच्या सल्लागाराने कापसातली ओल, कचरा आणि यंत्राची जुळणी पाहून हा किलो वाढवून दिला आणि फीचं विचारताच म्हणाला, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." याला कोणी भाबडेपणा म्हणेल. मला हा चोख व्यवहार वाटतो, पण एका अटीवर: आकडा ग्राहकाने ठरवावा, हिशेब मात्र दोघांसमोर उघडा असावा.

वऱ्हाडाला ही रीत अगदीच परकी नाही. गावचा जोशी मुहूर्त सांगून यथाशक्ती दक्षिणा घेई. सुतार-लोहार वर्षभर पाभर, वखर, तिफण नीट करून देत आणि सुगीला खळ्यावर येत. ज्वारीची रास पडलेली, माप कुणब्याच्या हातात, आणि आजूबाजूला गाव उभा. वाटा रूढीने ठरलेला असला तरी माप शिगोशीग भरायचं की हात आखडायचा, हे त्या क्षणी ठरे. हात आखडणाऱ्याला पुढच्या पेरणीला त्याच सुताराच्या दारी जायचं असे. व्यवहार टिकला तो या पुढच्या पेरणीमुळे. नुसत्या चांगुलपणावर तो टिकला नसता. अनोळखी गिऱ्हाईक असलं की काय होतं, ते २०१० साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात दिसतं. मनोरंजन उद्यानात लोकांना त्यांचे फोटो 'हवी ती किंमत द्या' म्हणून विकले, तेव्हा सरासरी एक डॉलरही मिळाला नाही. निम्मी रक्कम धर्मादायाला जाईल असं सांगितल्यावर घेणारे कमी झाले, पण सरासरी पाच डॉलरच्या वर गेली. आपल्या देण्याला अर्थ आहे असं दिसलं की माणूस हात सैल सोडतो.

यावरचा सर्वांत जड आक्षेप आपल्याच इतिहासातून येतो. माप ज्याच्या हाती, सत्ताही त्याच्याच हाती. बलुत्यात राबणाऱ्या महारांची त्यात काय गत झाली, हे सांगायला नको. १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक आणलं ते त्याच गुलामीविरुद्ध. ज्याला 'नाही' म्हणून उठून जाता येत नाही, त्याच्यासाठी ही पद्धत नाहीच. म्हणून प्रवासखर्च आणि दिवसाचा किमान मोबदला आधीच ठरवावा. ग्राहकाच्या मर्जीवर सोडायचा तो त्यावरचा भाग. कायद्याच्याही मर्यादा आहेत. वकिलाला निकालावर फी बांधता येत नाही आणि सनदी लेखापालालाही, ठरावीक अपवाद सोडले तर, नफ्याच्या टक्केवारीवर काम घेता येत नाही. त्यामुळे ही रीत जिनिंगची व्यवस्था, दुकानाचा साठा, शेतकरी कंपनीची विक्री अशा सल्ल्यापुरतीच बरी.

दुसरा आक्षेप रोजच्या व्यवहारातला. उतारा वाढला तो सल्ल्याने, की यंदा कापूसच कोरडा आला म्हणून? याचं उत्तर हंगाम संपल्यावर शोधू गेलं तर भांडणच होणार. पहिली गाडी रिकामी होण्याआधी मागच्या दोन हंगामांचे उतारे, कापसाची ओल आणि वाण वहीत उतरवून दोघांनी सही केली, तर बरीच वादावादी टळते; शेवटची गाठ बांधली की तीच वही पुढ्यात घेऊन बसायचं. ग्राहकाने आकडा सांगावा आणि तोच का, तेही सांगावं. भाव पडलेल्या साली तो लहान असेल, आणि यथाशक्ती म्हटल्यावर ते सोसायची तयारी हवीच. म्हणून ज्याचं घर दर महिन्याच्या फीवर चालतं, त्या नव्या सल्लागाराने सगळी कामं या रीतीने घेऊ नयेत. एखाददुसरं घ्यावं, तेही पुढच्या दसऱ्याला पुन्हा बोलावणं येईल अशा ठिकाणी.