कारवानी व ग्रेहाउंड कुत्र्यांची निगा आणि वस्तीवरील सुरक्षितता

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत दोन प्रकारचा मुलूख शेजारी शेजारी नांदतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर व उजनीच्या फुगवट्यालगत उसाची, द्राक्षांची आणि डाळिंबाची बागायत आहे. तर सुपे, मोरगाव, कडबनवाडी या बाजूस कमी पावसाची जिरायत व गवताळ माळराने आहेत. शेतकरी गावठाण सोडून शेतातील वस्तीवर राहू लागल्यामुळे राखणीस कुत्रा असणे बहुतेक कुटुंबांना आवश्यक वाटते. त्यांपैकी कित्येक घरी साध्या गावठी कुत्र्याऐवजी उंच, सडपातळ व निमुळत्या तोंडाचा कारवानी कुत्रा पाळला जातो. हौसेने विलायती ग्रेहाउंड किंवा त्याचा संकर पाळणारेही आढळतात. या कुत्र्यांची शरीररचना व स्वभाव इतर कुत्र्यांहून निराळा असल्यामुळे त्यांची निगाही निराळी ठेवावी लागते. ती कशी ठेवावी, याचा विचार या लेखात केला आहे.

जातीची ओळख

कारवानी कुत्रा दख्खनच्या पठारावरील आहे. मराठवाडा, सोलापूर व उत्तर कर्नाटक या भागांत तो फार पूर्वीपासून पाळला जातो. कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ येथील घोरपडे संस्थानिकांनी या कुत्र्यांच्या पैदाशीस आश्रय दिल्यामुळे तिकडे त्यास मुधोळ हे नाव पडले. ज्याच्या कानांवर व शेपटीवर लांब केस असतात, त्यास पश्मी असे म्हणतात. भारतीय डाक खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता.

ग्रेहाउंड हा त्याच प्रकृतीचा विलायती कुत्रा होय. हे सर्व कुत्रे वासापेक्षा नजरेने सावज हेरतात व वेगाने पाठलाग करतात. ग्रेहाउंड ताशी ६५ ते ७० किलोमीटरपर्यंत वेग घेऊ शकतो. खोल छाती, आत गेलेले पोट, लांब पाय, पातळ कातडी व अत्यल्प चरबी ही रचना धावण्यासाठीच झालेली आहे. या वेगामुळेच कुत्रा मालकास प्रिय असतो. परंतु त्यावर येणारी बहुतेक संकटेही या वेगातूनच उद्भवतात. पळणारी वस्तू दिसताच त्यास हाक ऐकू येईनाशी होते आणि समोर विहीर आहे की रस्ता, याचेही भान राहत नाही. म्हणून कुत्र्याने कोठे धावावे व कोठे धावू नये, हे मालकानेच ठरविले पाहिजे.

निवारा व अंथरूण

अंगावर चरबी व दाट केस नसल्यामुळे या कुत्र्यास थंडी व ऊन दोन्ही लवकर बाधतात. कठीण जमिनीवर सतत बसल्याने कोपरांवर व मांड्यांवर घट्टे पडून पुढे जखमा होतात. याकरिता ओसरीवर किंवा गोठ्याच्या कोरड्या कोपऱ्यात गोणपाटाच्या दोनतीन घड्या अथवा जुनी वाकळ अंथरावी व ती दर आठवड्यास उन्हात वाळवावी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री अंगावर जुन्या घोंगडीची झूल बांधल्यास उपयोग होतो. पत्र्याची बंद खोली उन्हाळ्यात भट्टीसारखी तापते. तीत कुत्रा कोंडू नये.

नव्या घरांतील गुळगुळीत फरशीवर या कुत्र्याचे लांब पाय घसरतात व सांधे दुखावतात. जाण्यायेण्याच्या वाटेवर तरट अंथरावे. नखे वाढू देऊ नयेत.

झोपेत असलेल्या कुत्र्यास एकदम हात लावल्यास तो दचकून चावण्याचा संभव असतो. त्यास आधी हाक मारावी व जागा झाल्यावरच जवळ जावे, ही गोष्ट घरातील मुलांस आवर्जून शिकवावी. कुत्रा खात असताना मुलांना त्याजवळ जाऊ देऊ नये.

आहार

पुष्कळ वस्त्यांवर कुत्र्यास केवळ भाकरी व ताक मिळते. त्यावर तो जगतो, परंतु त्याचे स्नायू भरत नाहीत. भाकरी किंवा भाताबरोबर अंडी, शिजविलेले मांस अथवा कोंबडीचे अवयव यांची जोड द्यावी. दिवसातून दोन वेळा ठरावीक वेळी खाणे द्यावे. भरल्या पोटी धाव घेतल्यास खोल छातीच्या कुत्र्याचे जठर फुगून पिळले जाण्याची भीती असते. पोट ताणलेले, उलटीची उबळ येते पण काही पडत नाही, अशी लक्षणे दिसताच एक तासही न दवडता पशुवैद्यकाकडे न्यावे. खाण्यापूर्वी व खाल्ल्यावर किमान एक तास त्यास विश्रांती द्यावी.

निरोगी कुत्र्याच्या शेवटच्या दोनतीन बरगड्या किंचित दिसतात. ते अशक्तपणाचे चिन्ह नव्हे. मात्र कण्याची हाडे वर येऊन सर्वच बरगड्या मोजता येऊ लागल्या तर जंत, गोचीडताप किंवा अपुरा आहार यांचा संशय घ्यावा.

शिजविलेली हाडे फुटून आतड्यास टोचतात. ती देऊ नयेत. कांदा व लसूण यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. इंदापूर व बारामतीच्या बागाईतदारांनी ही गोष्ट विशेष ध्यानी धरावी. काढणीच्या हंगामात खाली पडलेले घड व बेदाण्याच्या शेडमधील गळ कुत्र्याच्या तोंडी लागणार नाही, अशी व्यवस्था करावी. मेंढ्या-बकऱ्या कापल्यावर उरलेले कच्चे अवयव कुत्र्यास घालण्याची प्रथा तर सर्वस्वी टाळावी. त्यांतील फोडांतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतात व त्यांची अंडी विष्ठेवाटे माणसाच्या पोटात जाऊन यकृतात किंवा फुप्फुसात गाठी होतात. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित जंतनाशक द्यावे.

पट्टा, दोरी व मोकळीक

या कुत्र्यांचे डोके मानेच्या मानाने अरुंद असते. त्यामुळे साधा पट्टा मागे ओढताच सटकून निघतो. पट्टा रुंद व मऊ असावा आणि मान व पट्टा यांमध्ये दोन बोटे जातील इतपतच सैल ठेवावा. लांब दोरीने गळ्यास बांधलेला कुत्रा वेगाने धावला म्हणजे दोरी संपताच मानेस जबर हिसका बसतो. दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारेवर सरकणारी कडी लावून तीस आखूड दोरी जोडावी व दोरी छातीपट्ट्यास बांधावी. असे केल्याने कुत्र्यास हिंडता येते व हिसका बसत नाही.

कुत्र्यास दिवसभर आखूड साखळीने जखडून ठेवणे अयोग्य आहे. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने नित्य बांधलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे हा अपराध ठरविला आहे. सकाळी व सायंकाळी अर्धा अर्धा तास दोरी धरून फिरविणे आणि कुंपण घातलेल्या आवारात आठवड्यातून दोनतीन वेळा मोकळे धावू देणे, एवढे त्यास सामान्यतः पुरते.

वस्तीवरील धोके

पहिला धोका पाण्याचा. कठडा नसलेल्या विहिरीत धावता कुत्रा सहज पडतो. शेततळ्याचा धोका त्याहून फसवा आहे. प्लॅस्टिकच्या अस्तरावर पाय ठरत नसल्याने आत उतरलेला कुत्रा पोहत राहून अखेर थकून बुडतो. शेततळ्याभोवती कुंपण असावेच. त्याशिवाय चारही बाजूंस गाठी मारलेला जाड दोर किंवा जुन्या टायरांची शिडी काठावरील खुंटास बांधून पाण्यात सोडावी. लहान मूल किंवा करडू पडल्यासही ती उपयोगी पडते.

दुसरा धोका तारेचा. काटेरी तारेने या कुत्र्याची पातळ कातडी कागदाप्रमाणे फाटते. आवाराच्या तारेवर कापडाच्या चिंध्या बांधल्यास तार कुत्र्याच्या नजरेस पडते. रानडुकरांसाठी कुंपणात घरगुती वीज सोडणे बेकायदेशीर व प्राणघातक आहे.

तिसरा धोका विषाचा. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या पिठात मळून ठेवतात. ते आमिष कुत्र्याने खाल्ल्यास जठरातील आम्लाने विषारी वायू तयार होतो. अशा वेळी दूध, तेल किंवा मिठाचे पाणी पाजू नये. विषाचे वेष्टन बरोबर घेऊन कुत्र्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. कीटकनाशके व बीजप्रक्रियेची औषधे कुलपात ठेवावीत आणि फवारणीची भांडी कुत्र्यास पाणी पाजण्यासाठी कधीही वापरू नयेत.

चौथा धोका रस्त्याचा. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात. फाटक नेहमी लावून घ्यावे. उसाच्या पट्ट्यात आता बिबट्याचाही वावर आढळू लागला आहे. रात्री कुत्रा अंगणात बांधून ठेवल्यास त्यास पळताही येत नाही. त्यास दाराच्या आत किंवा जाळीबंद खोपटात ठेवावे.

उन्हाचा तडाखा

मार्च ते जूनमध्ये सकाळी नऊनंतर व सायंकाळी सहापूर्वी कुत्र्यास पळवू नये. मोटारसायकलच्या मागे पळविण्याची हौस या दिवसांत त्याच्या जिवावर बेतते. अतिशय धाप, लालभडक हिरड्या, चिकट लाळ, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे होत. कुत्र्यास सावलीत घेऊन अंगावर साधे पाणी ओतत राहावे, वारा घालावा आणि मग दवाखान्यात न्यावे.

रोगप्रतिबंध

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यावर डिस्टेंपर व पार्वो या रोगांची लस सुरू करावी. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी व पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणे ती पुनःपुन्हा टोचून घ्यावी. रेबीज झाल्यावर उपाय चालत नाही. कोणासही कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लागलीच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना किंवा तिखट भरू नये.

गोचिडांमुळे ताप, हिरड्या पांढऱ्या पडणे, नाकातून रक्त येणे असे विकार होतात. कान, काख व बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. जनावरांसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने कुत्र्यास लावू नये. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास कुत्रा ग्रेहाउंड वळणाचा आहे, हे पशुवैद्यकाच्या नजरेस आणावे. कारण अंगात चरबी कमी असल्याने भुलीच्या काही औषधांचा अंमल अशा कुत्र्यांवर फार काळ टिकतो. जनावरांच्या आजाराबाबत १९६२ या क्रमांकावर निःशुल्क दूरध्वनी करून फिरत्या पशुचिकित्सा पथकाची माहिती घेता येते.

माळरानावरील वन्य जीव

बारामती तालुक्यात सुप्याजवळ ५ चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्राचे मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते १९९७ साली चिंकारा हरणांसाठी स्थापन झाले. इंदापूरच्या कडबनवाडी परिसरातील माळांवरही चिंकारा व लांडगे आढळतात. मोकाट सोडलेला कारवानी कुत्रा या हरणांचा फार मोठा शत्रू ठरतो. गाभण मादी किंवा नुकतेच जन्मलेले पाडस त्याच्या तावडीतून सहसा सुटत नाही. पाठलागातून वाचलेले हरीणही धास्तीने व थकव्याने मरू शकते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार कुत्रे सोडून पाठलाग करविणे हीदेखील शिकारच होय. चिंकारा पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याच्या शिकारीस किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. सशाची शिकारही गुन्हाच आहे. कुत्र्याने हरीण जखमी केल्याचे दिसल्यास ते घरी न आणता वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

लांडग्यासही कुत्र्यांपासून अपाय होतो. डिस्टेंपरसारखा रोग कुत्र्यांकडून त्यांच्यात पसरतो. शिवाय पुणे जिल्ह्याच्या माळरानात लांडगा व कुत्रा यांचा संकर झाल्याचे जनुकीय तपासणीवरून २०२३ साली स्पष्ट झाले आहे. म्हणून पैदास करावयाची नसल्यास नर व मादी यांची नसबंदी करून घ्यावी. नको असलेली पिल्ले माळावर सोडून देणे कायद्याच्या व माणुसकीच्या दृष्टीने गैर आहे.

समारोप

कारवानी कुत्रा दहा ते बारा वर्षे घराची राखण करतो. त्याच्यासाठी लागणारा खर्च फारसा नाही; गोणपाटाचे अंथरूण, रुंद पट्टा, वेळेवर लस, विहिरीस कठडा, शेततळ्यात एक दोर आणि फाटकास कडी एवढ्यावर त्याचे बहुतेक अपघात टळतात. कुत्रा घेण्यापूर्वीच ही तजवीज प्रत्येक कुटुंबाने करावी. असे केल्याने वस्तीवरील कुत्रा सुखरूप राहील आणि माळावरील चिंकाराही निर्धास्त चरेल.