विष सोसणारा टॉमकॉड

अमेरिकेच्या हडसन नदीत १९४७ ते १९७६ या काळात कारखान्यांतून पीसीबी हे विषारी रसायन जात राहिले. तिथल्या जवळपास सर्व टॉमकॉड माशांच्या एएचआर-२ जनुकात डीएनएची सहा अक्षरे गळालेली आहेत. त्यामुळे या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला पीसीबी नीट चिकटत नाही आणि विष कमी बाधते. जवळच्या स्वच्छ पाण्यात जनुकाचे हे रूप क्वचितच सापडते, म्हणजे ते बहुधा आधीपासून होते आणि विषानेच बाकीच्यांना बाजूला सारले. मग निसर्ग सावरतोच की, असे कुणी म्हणेल. पण हा मासा पीसीबी संपवत नाही. अंगात साठवून आपल्याला खाणाऱ्यांपर्यंत पोहोचवतो. शिवाय असे रूप पसरायला पिढ्या जाव्या लागतात. टॉमकॉड वर्षभरात वयात येतो, त्याच नदीतल्या अटलांटिक स्टर्जनला मात्र दहाहून अधिक वर्षे लागतात. इतकी सवड प्रदूषण देत नाही.